रूपाला न भुललेले विद्वान : अल्बेरुनी

विद्यार्थी मित्रांनो, शिरूरला घोड नदीच्या काठी किंवा दौंडला भीमेच्या पात्रात तुम्ही गारगोट्या गोळा केल्या असतील. आपल्याकडचा काळा खडक म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजलेला लाव्हारस. त्याच्या पोकळ्यांत पुढे स्फटिक वाढले. दख्खनच्या या खडकात कधी कधी एक नवल आढळते. कॅल्साइटचा स्फटिक हळूहळू विरघळतो आणि त्याच्या जागी गारगोटीचे द्रव्य साचत जाते. आकार कॅल्साइटचा, अंग मात्र गारगोटीचे! शास्त्रज्ञ याला स्यूडोमॉर्फ, म्हणजे खोटे रूप, म्हणतात.

येथे नुसते डोळे फसतात. वस्तू रूपावरून नव्हे, तर पारखून ओळखावी, हे हजार वर्षांपूर्वी कृतीने दाखवणारे थोर विद्वान म्हणजे अबू रैहान अल्बेरुनी.

त्यांचा जन्म ९७३ साली, आजच्या उझबेकिस्तानातील ख्वारिज्ममध्ये झाला. १०१७ साली महमूद गझनवीने तो मुलूख जिंकला आणि त्यांना गझनीला नेले. मायभूमी सुटली, पण अभ्यास सुटला नाही. ते संस्कृत शिकले आणि सुमारे १०३० साली त्यांनी हिंदुस्थानातील शास्त्रे व चालीरीती यांवर ‘किताब अल-हिंद’ हा ग्रंथ लिहिला.

उतारवयात त्यांनी रत्नांवर ग्रंथ लिहिला. पाचूने साप आंधळा होतो, अशी त्या काळी समजूत होती. त्यांनी सापाच्या गळ्यात पाचूंची माळ घातली आणि कित्येक महिने पाहिले. सापाला काहीच झाले नाही! रत्ने व धातू पारखण्यासाठी त्यांनी तोटीचे भांडे वापरले. भांडे पाण्याने भरायचे, त्यात रत्न सोडायचे, तोटीतून सांडलेले पाणी तोलायचे आणि रत्न त्याच्या किती पट जड आहे, ते काढायचे. आज आपण जाणतो की कॅल्साइट पाण्याच्या २.७१ पट जड असतो, गारगोटी २.६५ पट. फरक एवढासा, पण नेमका तराजू तो पकडतो. तराजू नसेल तर चाकू घ्या. कॅल्साइटवर ओरखडा उठतो, गारगोटीवर उठत नाही.

१०५० च्या सुमारास गझनीत त्यांचे निधन झाले.

पालक बंधू-भगिनींनो, आम्ही शिक्षकही पुष्कळदा पाठांतरालाच गुण देतो. गुणपत्रिकेचा आकार सुबक दिसतो, पण आत काय भरले आहे, ते घरी एकदा तोलून पाहा. आणि मुलाने किंवा मुलीने ‘हे कशावरून?’ असे विचारले, तर कृपा करून गप्प बस म्हणू नका. अल्बेरुनी आयुष्यभर हेच विचारत राहिले.