मार्क बोलन

मार्क बोलन (जन्मनाव: मार्क फेल्ड, ३० सप्टेंबर, १९४७ – १६ सप्टेंबर, १९७७) हा इंग्लिश गायक, गीतकार आणि गिटारवादक होता. टी. रेक्स या बँडचा तो संस्थापक होता. १९७० च्या दशकाच्या आरंभी ब्रिटनमध्ये उदयास आलेल्या ग्लॅम रॉक या संगीतप्रकाराच्या प्रवर्तकांमध्ये त्याची गणना होते. टी. रेक्सचा इलेक्ट्रिक वॉरियर (१९७१) हा अल्बम या प्रकारातील पायाभूत कृती मानला जातो.

सुरुवातीचे जीवन

बोलनचा जन्म लंडनच्या हॅकनी भागात एका श्रमिक कुटुंबात झाला. त्याचे वडील ज्यू वंशाचे असून ट्रकचालक होते. आई सोहो येथील बाजारात ठेला चालवीत असे. वयाच्या नवव्या वर्षी त्याला पहिली गिटार मिळाली. किशोरवयातच त्याचे शालेय शिक्षण संपले. पेहरावाची त्याला विलक्षण आवड होती. १९६२ मध्ये टाऊन या नियतकालिकाने लंडनमधील फॅशनप्रेमी 'मॉड' तरुणांवर लेख छापला, त्यात त्याची छायाचित्रे होती. १९६५ मध्ये डेका कंपनीने त्याची पहिली ध्वनिमुद्रिका प्रकाशित केली, परंतु तिला यश लाभले नाही.

टायरॅनोसॉरस रेक्स

१९६७ मध्ये काही महिने जॉन्स चिल्ड्रन या बँडमध्ये वादन केल्यानंतर बोलनने तालवादक स्टीव्ह पेरेग्रिन टुक याच्यासह टायरॅनोसॉरस रेक्स या जोडीची स्थापना केली. साधी गिटार, बोंगो आणि मिथककथांतील प्रतिमांनी भरलेली गीते हे तिचे वैशिष्ट्य होते. रेडिओ निवेदक जॉन पील याने या संगीताचा पुरस्कार केला आणि हिप्पी तरुणांमध्ये त्याला एकनिष्ठ श्रोतृवर्ग मिळाला. अल्बमची निर्मिती टोनी व्हिस्कॉन्टी करीत असे. पुढे टुकची जागा मिकी फिनने घेतली.

टी. रेक्स आणि ग्लॅम रॉक

१९७० मध्ये बोलनने बँडचे नाव संक्षिप्त करून टी. रेक्स केले आणि विद्युत गिटारचा अवलंब केला. जुन्या चाहत्यांपैकी अनेकांना हा बदल रुचला नाही. मात्र त्याच वर्षी आलेले 'राइड अ व्हाइट स्वान' हे गीत ब्रिटिश क्रमवारीत दुसऱ्या स्थानापर्यंत पोहोचले. १९७१ मध्ये 'हॉट लव्ह' सहा आठवडे अग्रस्थानी राहिले. बीबीसीच्या टॉप ऑफ द पॉप्स कार्यक्रमात हे गीत सादर करताना त्याने गालांवर चमकी लावली होती. ही घटना ग्लॅम रॉकचा आरंभबिंदू समजली जाते. भडक वेशभूषा, पुरुषांनी केलेली रंगभूषा आणि १९५० च्या दशकातील रॉक अँड रोलची सुटसुटीत लय ही या प्रकाराची लक्षणे होत.

सप्टेंबर १९७१ मध्ये प्रकाशित झालेला इलेक्ट्रिक वॉरियर ब्रिटनमध्ये प्रथम स्थानी पोहोचला. त्यातील 'गेट इट ऑन' या गीतात रिक वेकमन याने पियानो वाजवला आहे. हे गीत अमेरिकेतही पहिल्या दहांत आले. 'टेलिग्राम सॅम' व 'मेटल गुरू' (१९७२) ही गीते धरून टी. रेक्सची एकूण चार गीते ब्रिटनमध्ये अग्रस्थानी गेली. मार्च १९७२ मधील वेम्ब्लीच्या कार्यक्रमांचे चित्रीकरण करून रिंगो स्टारने बॉर्न टू बूगी हा चित्रपट बनविला.

उतरता काळ

१९७३ च्या उत्तरार्धापासून बोलनच्या हयातीत त्याचे एकही नवे गीत ब्रिटनमध्ये पहिल्या दहांत आले नाही. पुढे व्हिस्कॉन्टी दुरावला आणि मद्य व कोकेनच्या सेवनाचा बोलनच्या प्रकृतीवर परिणाम झाला. १९७५ मध्ये गायिका ग्लोरिया जोन्स हिच्यापासून त्याला रोलन हा मुलगा झाला. १९७७ मध्ये डँडी इन दि अंडरवर्ल्ड या अल्बमद्वारे त्याने पुनरागमनाचा प्रयत्न केला. दौऱ्यात द डॅम्ड या पंक बँडला सोबत घेऊन त्याने नव्या पिढीशी नाते जोडले. ग्रॅनाडा टेलिव्हिजनवरील मार्क या मालिकेच्या अखेरच्या भागात डेव्हिड बोवी पाहुणा होता. तो भाग बोलनच्या मृत्यूनंतर प्रसारित झाला.

निधन

१६ सप्टेंबर, १९७७ रोजी पहाटे लंडनच्या बार्न्स भागात जोन्स चालवीत असलेली मिनी मोटार झाडाजवळ आदळून बोलनचा जागीच मृत्यू झाला. जोन्स गंभीर जखमी झाली. तिसाव्या वाढदिवसाला केवळ दोन आठवडे उरले होते. वाहन चालविणे तो कधीच शिकला नव्हता. अपघातस्थळी चाहत्यांनी जपलेले स्मारक आहे.

प्रभाव

पुढील काळातील अनेक बँडवर बोलनचा प्रभाव आढळतो. बाउहाउसने 'टेलिग्राम सॅम' आणि प्लसीबो या अल्टरनेटिव्ह रॉक बँडने 'ट्वेन्टिएथ सेंच्युरी बॉय' ही गीते नव्याने ध्वनिमुद्रित केली. २०२० मध्ये टी. रेक्सचा रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये समावेश करण्यात आला.