हॅरिससाहेबांची शिल्ड

बाळापूरला आमच्या लहानपणी मन नदीच्या काठी दोन शाळांत खो-खोची चुरस असे. हरलेली पोरं आठवडाभर बाजाराच्या वाटेला फिरकत नसत. पुढे बँकेच्या नोकरीत मुंबईला आझाद मैदानावर शाळांचं क्रिकेट पाहिलं, तेव्हा तीच चुरस हॅरिस शिल्डच्या नावानं भेटली.

लॉर्ड हॅरिस यांचा जन्म १८५१ सालचा, त्रिनिदादचा. ईटन शाळेत शिकले. ईटन आणि हॅरो यांचं क्रिकेटमधलं वैर १८०५ पासूनचं. साहेब त्यात मुरले. १८८० साली इंग्लंडमधल्या पहिल्या कसोटीचे कर्णधार झाले, १८९० ला मुंबईचे गव्हर्नर. १८९३ च्या दंगलीत ते पुण्याहून लगेच परतले नाहीत, म्हणून टीकाही झाली. हिंदी माणूस खेळात इंग्रजाची बरोबरी करील, यावर त्यांचा भरवसा नव्हता.

साहेब १९३२ साली वारले. १९८८ मध्ये त्यांच्याच नावाच्या स्पर्धेत शारदाश्रमच्या तेंडुलकर-कांबळी या पोरांनी ६६४ धावांची अभंग भागी केली. शिल्डवर नाव साहेबांचं राहिलं, पण हिशेब पोरांनी चुकता केला. व्याजासकट!