विश्वेश्वरय्यांचं कॅम्पस प्लेसमेंट

15 सप्टेंबर आला की ऑफिसच्या ग्रुपवर म्हैसुरी पगडीतल्या विश्वेश्वरय्यांचे फोटो फिरायला लागतात. अभियंता दिन! पण हा माणूस इंजिनिअर झाला तो आपल्या पुण्यात, हे ग्रुपवरच्या निम्म्या लोकांना माहीत नसतं.

मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या म्हैसूर संस्थानातल्या मुद्देनहळ्ळीचे. वडील लवकर गेले. बंगळुरात शिकवण्या घेत त्यांनी 1881 मध्ये बीए केलं आणि म्हैसूर सरकारच्या शिष्यवृत्तीवर ते पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये आले. म्हणजे आजचं सीओईपी.

हे कॉलेज मुळात निघालंच नोकरीसाठी. सरकारला इमारती, धरणं, कालवे बांधायला हाताखालची शिकलेली माणसं हवी होती, म्हणून 1854 मध्ये इथे वर्ग सुरू झाला. पुढे पदवी आली, तरी बांधकाम खात्याशी नातं राहिलं. 1883 मध्ये विश्वेश्वरय्या परीक्षेत पहिले आले आणि मुंबई सरकारने त्यांना थेट असिस्टंट इंजिनिअर म्हणून घेतलं. 1884 मध्ये नाशिकला रुजू. आपल्या भाषेत कॅम्पस प्लेसमेंटच की! फक्त कंपनी एकच, आणि लाल गालिचा पहिल्या नंबरासाठी. बाकीच्या पोरांचं काय, हा प्रश्न तेव्हाही होताच.

सरकारला या भरतीचा फायदा किती झाला, ते खडकवासल्याला दिसलं. पावसाळ्यात जादा पाणी सांडव्यावरून वाहून जायचं. भिंत उंच करायची तर मोठा खर्च. विश्वेश्वरय्यांनी 1903 मध्ये सांडव्यावर स्वयंचलित दरवाजे बसवले. पाणी ठरलेल्या पातळीपर्यंत अडून राहतं. त्याच्या वर गेलं की वजनांचा तोल बदलतो आणि दरवाजे आपोआप उघडतात. पूर ओसरला की बंद. ना मोटर, ना सेन्सर, आणि साठ्याची पातळी सुमारे 8 फुटांनी वाढली. कोड न लिहिता केलेलं ऑटोमेशन, मला तरी हे भारी वाटतं.

पुढे ते म्हैसूरचे दिवाण झाले (1912 ते 1918). या काळात त्यांनी साखळीची दोन्ही टोकं हातात घेतली. 1917 मध्ये बंगळुरात इंजिनिअरिंग कॉलेज निघालं, आणि इकडे भद्रावतीच्या लोखंड कारखान्याची आखणी झाली. शिकवायचं, तर शिकलेल्यांना काम देणारंही कोणी हवं. 1921-22 मध्ये मुंबई इलाख्याच्या तांत्रिक आणि औद्योगिक शिक्षण समितीचे ते अध्यक्ष होते, आणि 1923 पासून तोट्यातल्या भद्रावती कारखान्याचं अध्यक्षपद त्यांनी सांभाळलं.

त्या कामाच्या मानधनाचे पैसे त्यांनी घरी नेले नाहीत. हाताला कसब देणारी संस्था काढायला ते सरकारला दिले. कारखान्याचा पैसा कारागिरांच्या शिक्षणात! 1943 मध्ये बंगळुरात ती संस्था सुरू झाली. तिला नाव दिलं ते महाराजा जयचामराजेंद्रांचं. विश्वेश्वरय्या 1962 मध्ये, शंभरी ओलांडून गेले. त्या संस्थेला आज एसजे पॉलिटेक्निक म्हणतात, आणि तिथे अजूनही डिप्लोमाचे वर्ग भरतात.