एक थोर संग्राहक : कै. दिनकर गंगाधर केळकर

थोर पुरुषांची चरित्रे वाचताना आपल्या दृष्टीपुढे बहुधा रणांगण, राजसभा, ग्रंथालय किंवा प्रयोगशाळा उभी राहते. परंतु जुन्या बाजारातील धुळीत वाकून एखादी एकाकी सोंगटी निरखून पाहणारा मनुष्यही थोर असू शकतो, ही गोष्ट सहसा आपल्या ध्यानात येत नाही. पुण्याचे कै. डॉ. दिनकर गंगाधर केळकर हे अशांपैकीच एक होत. लोकांनी निरुपयोगी म्हणून टाकलेल्या वस्तू त्यांनी आदराने उचलल्या आणि त्यांतून महाराष्ट्रास एक अपूर्व संग्रहालय दिले. त्यांच्या चरित्रापासून विद्यार्थिवर्गास, विशेषतः खेळाची आवड असणाऱ्यांस, जो बोध घेण्याजोगा आहे, तो येथे यथामति मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

केळकरांचा जन्म १० जानेवारी १८९६ रोजी झाला. उपजीविकेसाठी त्यांचा चष्म्यांचा व्यवसाय होता आणि मनाच्या ओढीने ते कवी होते. ‘अज्ञातवासी’ ह्या टोपणनावाने त्यांनी काव्यरचना केली. इतिहासाविषयी त्यांस लहानपणापासून प्रेम नसते, तर पुढील कार्य त्यांच्या हातून झाले नसते. दिवसा लोकांस चष्मे देऊन जवळचे अक्षर स्पष्ट दाखविणाऱ्या ह्या गृहस्थाने पुढे साऱ्या समाजास दूरचा काळ स्पष्ट दाखविला, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

१९२० च्या सुमारास त्यांनी जुन्या वस्तू जमविण्यास आरंभ केला. तो काळ कसा होता हे लक्षात घेतले पाहिजे. १८१८ मध्ये पेशवाई गेली आणि तिच्याबरोबर सरदार-दरकदारांचे वैभवही हळूहळू ओसरले. शंभर वर्षांच्या आत मोठमोठे वाडे पडू लागले. कोरीव खांब जळणासाठी गेले. पितळेची सुबक भांडी मोडीच्या भावाने वजनावर विकली गेली. यंत्रावर तयार झालेला स्वस्त माल घरोघर आला, तेव्हा आजोबांची दौत व आजीचा करंडा माळ्यावर पडला. पुढे माळा झाडताना तोही नाहीसा झाला. ह्यात कोणाचा दुष्ट हेतू नव्हता. वस्तू वापरातून गेली म्हणजे तिचे मोल गेले, एवढीच सर्वांची समजूत होती. केळकरांनी नेमक्या ह्या समजुतीविरुद्ध आपले आयुष्य वेचले.

राजे-महाराजे वस्तू जमवीत, तेव्हा त्यांची नजर सोने, रत्ने, नामांकित चित्रे ह्यांवर असे. केळकरांची नजर निराळी होती. त्यांनी अडकित्ते जमविले, पानाचे डबे जमविले, समया व लामणदिवे, दौती, फण्या, पाय घासण्याच्या वज्री, कुलुपे, वाद्ये, स्वयंपाकाची भांडी, घरांचे नक्षीदार दरवाजे जमविले. ज्या वस्तूस सामान्य मनुष्याचा हात रोज लागत होता आणि जी घडविताना कारागिराने उपयोगाबरोबर सौंदर्याचाही विचार केला होता, ती वस्तू त्यांस प्रिय वाटे. अडकित्त्याने सुपारीच कातरावयाची. परंतु त्यास मोराचा किंवा घोड्याचा आकार देणाऱ्या लोहाराच्या मनात काय आनंद असेल, हे ते जाणत होते. ह्या कामासाठी ते गावोगाव हिंडले. महाराष्ट्रापुरतेच नव्हे, तर अन्य प्रांतांतूनही त्यांनी वस्तू आणिल्या. त्यांच्या पत्नी सौ. कमलाबाई ह्यांचे त्यांस मोलाचे साहाय्य झाले. ज्या घरात प्रत्येक कोनाड्यात जुन्या वस्तू येऊन बसतात, त्या घरातील गृहिणीची सहनशीलता किती मोठी असावी लागते, हे आम्ही निराळे सांगावयास नको.

ह्या संग्रहात खेळांच्या साधनांसही स्थान मिळाले, आणि आमच्या दृष्टीने ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. आपल्या पूर्वजांचा सारीपाट घ्या. कापडाचा चौफुलीसारखा पट, त्याच्या प्रत्येक बाहूवर आठाच्या तीन ओळी, अशी एकंदर ९६ घरे, आणि चार रंगांच्या १६ सोंगट्या. श्रीमंतांच्या घरी सोंगट्या हस्तिदंती असत, गरिबांच्या घरी लाकडी. पण खेळ एकच. गंजिफांचा प्रकार त्याहूनही मनोहर आहे. दशावतारी गंजिफांत दहा अवतारांची बारा-बारा पाने, म्हणजे एकंदर १२० गोल पाने असतात. प्रत्येक पान हाताने रंगवून त्यावर लाखेचे रोगण चढवावयाचे, ही कला सावंतवाडीच्या चिताऱ्यांनी पिढ्यानुपिढ्या सांभाळिली. छापील पत्ते आले आणि ही पाने हातातून सुटली. १२० पानांपैकी दोन हरवली की डाव मोडला, आणि डाव मोडला की उरलेली पाने मुलांच्या हाती चकत्या म्हणून गेली!

तरवारीस देव्हाऱ्याजवळ जागा मिळते, दागिन्यास पेटी मिळते. परंतु खेळाच्या वस्तूस तसे कोणी नसते. ती खेळूनच झिजते. जी सर्वांत अधिक आवडती, ती सर्वांत आधी मोडते. म्हणून इतिहासात लढायांची साधने विपुल आढळतात आणि आनंदाची साधने मात्र विरळ. आपले पूर्वज कसे लढले हे आपणांस ठाऊक असते. ते कसे हसले, संध्याकाळी ओसरीवर बसून कोणता डाव मांडीत, हे सांगणारी वस्तू उरत नाही. केळकरांनी फासे-सोंगट्यांस दिव्यांच्या व दरवाजांच्या पंक्तीस बसविले, ह्यात त्यांची खरी दूरदृष्टी दिसून येते.

त्यांच्या आयुष्यात एक मोठे दुःख होते. त्यांचा राजा नावाचा पुत्र बालवयातच निवर्तला. आईबापांवर असा प्रसंग आला म्हणजे कित्येकांचे मन जगातून उठून जाते. केळकर दांपत्याने मात्र आपले काम सोडिले नाही. १९६२ मध्ये शुक्रवार पेठेतील त्यांच्या संग्रहास जेव्हा संग्रहालयाचे रूप आले, तेव्हा त्यांनी त्यास स्वतःचे नाव दिले नाही. त्या बाळाचे नाव दिले. आज राजा दिनकर केळकर संग्रहालय ह्या नावाने जे मंदिर प्रसिद्ध आहे, तेथे येणारी सहस्रावधी मुले त्या न वाढलेल्या मुलाचे नाव वाचूनच आत पाऊल टाकतात.

पुढे १९७५ मध्ये केळकरांनी हा सारा संग्रह महाराष्ट्र शासनास देऊन टाकिला. वीस हजारांहून अधिक वस्तूंचा हा साठा इतका मोठा आहे की, त्यातील सुमारे अडीच हजार वस्तूच एका वेळी मांडता येतात. कोथरूड येथील मस्तानीच्या महालाचे अवशेषही त्यांनी आणून तेथे पुन्हा उभे केले आहेत. पुणे विद्यापीठाने त्यांस सन्मान्य डॉक्टर ही पदवी अर्पण केली. भारत सरकारने पद्मश्री देऊन गौरविले. १९९० मध्ये, चौऱ्याण्णव वर्षांचे दीर्घ आयुष्य भोगून, त्यांनी इहलोकची यात्रा संपविली.

ख्रिस्ती शाळेत शिकणाऱ्या विद्यार्थ्याच्या मनात येथे एक शंका उद्भवणे साहजिक आहे. ऐहिक वस्तूंचा संचय करू नये, असा उपदेश आपण प्रार्थनेच्या वेळी नित्य ऐकतो. मग आयुष्यभर वस्तू जमविणाऱ्या पुरुषाचा गौरव आपण कसा करावा? शंका योग्य आहे आणि तिचे उत्तरही केळकरांच्या चरित्रातच आहे. कृपण मनुष्य जमवितो तो कोणी पाहू नये म्हणून; केळकरांनी जमविले ते सर्वांनी पाहावे म्हणून. पन्नास वर्षांच्या श्रमाचे फळ एका दिवसात ज्यास देऊन टाकिता आले, तो त्या वस्तूंचा मालक नव्हता, विश्वस्त होता. हव्यास आणि संग्रह ह्यांतील भेद वस्तूंच्या संख्येत नसून शेवटी हात मिटतो की उघडतो, ह्यात आहे.

कोणी म्हणेल, सोंगट्या व गंजिफा जुन्या झाल्या. आम्ही मैदानावर खेळणारी मुले, आमच्या खेळांस हा न्याय कोठून लागू? तर लागू आहे. टेनिसचेच उदाहरण घ्या. १८७४ मध्ये इंग्लंडात वॉल्टर विंगफील्ड ह्या लष्करी अधिकाऱ्याने जाळे, खांब, रॅकेटी, चेंडू आणि नियमांचे पुस्तक एका पेटीत घालून हिरवळीवर खेळावयाचा हा खेळ विकण्यास काढिला. त्यापूर्वी तेथे क्रोके ह्या खेळाचे वेड होते. त्यात लाकडी मोगरीने चेंडू टोलवून जमिनीत रोवलेल्या लहान लोखंडी कमानींतून न्यावयाचा असतो. विंबल्डनचा जगप्रसिद्ध क्लब १८६८ मध्ये स्थापन झाला तो क्रोकेसाठीच. टेनिसने तेथे मागाहून प्रवेश केला आणि १८७७ मध्ये पहिली स्पर्धा झाली. त्या काळी ह्या पेट्या व मोगऱ्या कोणी जपून ठेवण्याजोग्या मानिल्या नसतील. आज विंगफील्डची पेटी मिळावी म्हणून संग्राहक धडपडतात. विंबल्डन येथे १९७७ मध्ये, स्पर्धेच्या शताब्दीस, टेनिसच्या इतिहासाचे स्वतंत्र संग्रहालय उघडण्यात आले.

इंग्रजांबरोबर हे दोन्ही खेळ आपल्या देशातील छावण्यांत व बंगल्यांत आले. टेनिस येथे रुजले. क्रोके बहुतेक विसरले गेले. जुन्या लाकडी रॅकेटीस जगू देणारी हवा आपल्याकडे नाही. नागपूरचा उन्हाळा चौकटीचे लाकूड सुकवितो, पावसाळा तेच लाकूड वाकवितो. आतड्याची तात ओलाव्याने सैल पडून तुटते. आणि जे उरले ते वाळवीच्या मुखी पडते. लाकडाचे वाक टाळण्यासाठी पूर्वीचे खेळाडू रॅकेट चार स्क्रूंच्या लाकडी चौकटीत आवळून ठेवीत. ती चौकट म्हणजे काय, हे आजच्या मुलांस सांगूनही समजावयाचे नाही, कारण १९८० नंतरच्या दशकात लाकडी रॅकेट मोठ्या स्पर्धांतून अस्तंगत झाली. एका पिढीत नित्याची असलेली वस्तू दुसऱ्या पिढीस कोडे वाटावी, इतक्या लवकर हा बदल घडतो.

आमच्या नागपुरास संग्रहाची वृत्ती नवी नाही. १८४५ मध्ये येथे आलेले स्कॉटिश मिशनरी रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप हे धर्मकार्य व शाळा सांभाळून भोवतालचे पाषाण व त्यांतील जीवावशेष गोळा करीत आणि गोंड लोकांच्या चालीरीती टिपून ठेवीत. टाकळघाट येथील प्राचीन शिलावर्तुळे पाहून परतताना १८६३ मध्ये ते पुरात बुडून मृत्यू पावले. त्याच वर्षी नागपूरचे संग्रहालय, ज्यास आपण प्रेमाने अजब बंगला म्हणतो, ते स्थापन झाले. दगड मुका असतो असे लोक म्हणतात. हिस्लॉपसाहेबांनी त्यास बोलते केले. पुण्याच्या केळकरांनी अडकित्त्यास व सोंगटीस बोलते केले. ह्या दोघांच्या मार्गाने जाण्यास धन लागत नाही, दृष्टी लागते.

तेव्हा विद्यार्थिमित्रहो, केळकरांच्या स्मृतीस खरा नमस्कार करावयाचा असेल, तर प्रत्येकाने आपल्या घराच्या माळ्यावर एकवार चढून पाहावे. आजोबांची रॅकेट, काकांचा हॉकीचा दांडा, आत्याच्या काचकवड्या, आजीचा पट, ह्यांपैकी काही आढळल्यास ते टाकू नये. ते नवे दिसावे म्हणून घासूनपुसून रंगवूही नये. झिजलेली मूठ हीच त्या वस्तूची साक्ष असते. कोरड्या जागी, स्वच्छ कापडात ते ठेवावे. आणि सर्वांत मुख्य म्हणजे ही वस्तू कोणाची, कोठे व कोणत्या साली वापरली, तिने कसे खेळत, हे घरातील वडील मंडळींस आजच विचारून एका चिठ्ठीवर लिहावे व ती चिठ्ठी वस्तूस बांधावी. चिठ्ठीवाचून राहिलेली रॅकेट म्हणजे केवळ लाकूड होय. तिला नाव देणारी माणसे वृद्ध आहेत आणि काळ कोणासाठी थांबत नाही.

ज्यास पुढे हे सर्व सांभाळणे कठीण वाटेल, त्याने ते शाळेच्या स्वाधीन करावे. एक कपाट जरी भरले, तरी आमच्यामागून येणाऱ्या मुलांस ह्या मैदानावर पूर्वी कोण कसे धावले हे कळेल. केळकरांचा संग्रहही एका दिवसात वीस हजारांचा झाला नव्हता. त्यासही कधीतरी पहिली एक वस्तू होतीच. ती पहिली वस्तू उचलण्याची सद्बुद्धी आम्हां सर्वांस होवो, एवढीच ह्या प्रसंगी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.