उंबरठ्याच्या आतला हक्क

भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव घेतले की महाडचे चवदार तळे, नाशिकचे काळाराम मंदिर, पुणे करार, राज्यघटना आणि नागपूरची दीक्षाभूमी हे टप्पे चटकन डोळ्यांसमोर येतात. त्यांच्या चरित्रातील एक धागा मात्र बराच काळ अभ्यासकांच्या टिपणांतच राहिला. नागरिकाचे घर, त्याची कागदपत्रे आणि त्याच्याविषयीची खासगी माहिती यांवर कोणाची सत्ता चालावी, या प्रश्नाचे चटके बाबासाहेबांनी बालपणापासून सोसले होते. पुढे त्यांनी त्या प्रश्नाला कायद्याच्या भाषेत उत्तरही लिहून ठेवले. ते उत्तर देशाने स्वीकारायला तब्बल सत्तर वर्षे जावी लागली.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेले भीमराव साताऱ्यात शिकत असताना, १९०१ च्या सुमारास, भावंडांसह वडिलांच्या भेटीला निघाले. सुभेदार रामजी तेव्हा गोरेगाव येथे खजिनदाराच्या नोकरीत होते. मसूर स्थानकावर नीटनेटक्या कपड्यांतील ही मुले पाहून स्टेशन मास्तरांनी आपुलकीने चौकशी केली. मुलांनी निरागसपणे जात सांगितली आणि मास्तरांचा चेहरा पालटला. भाडे मिळत असूनही गाडीवान तयार होईनात. अखेर दुप्पट भाड्यावर एक गाडीवान राजी झाला, तोही मुलांनी स्वतः गाडी हाकावी आणि आपण पायी चालावे या अटीवर. एका शब्दाच्या माहितीने काही क्षणांत सारे वातावरण बदलते, हा धडा त्या वयातच मिळाला.

त्याहून कठोर अनुभव बडोद्याचा. कोलंबिया विद्यापीठातील शिक्षणानंतर लंडनचा अभ्यास अर्धवट सोडून १९१७ मध्ये आंबेडकर बडोदा संस्थानच्या सेवेत रुजू झाले. शहरात त्यांना राहायला जागा मिळेना. अखेर एका पारशी धर्मशाळेचा आसरा मिळाला, पण तेथे पारशांखेरीज कोणाला ठेवण्याची मुभा नव्हती. रखवालदाराच्या संमतीने नोंदवहीत पारशी नाव लिहिले गेले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात उभा राहिला आणि परदेशात शिकून आलेल्या या अधिकाऱ्याला त्याच दिवशी बिऱ्हाड हलवावे लागले. कमाठी बागेत काही तास काढून त्यांनी रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली. नोंदवहीतला एक रकाना माणसाला छप्पर देऊ शकतो आणि हिरावूनही घेऊ शकतो, हे त्यांनी असे अनुभवले.

म्हणून बाबासाहेब माहिती गोळा करण्याच्याच विरोधात होते, असे मानणे चूक ठरेल. १९३२ मध्ये मताधिकाराच्या प्रश्नावर नेमलेल्या लोथियन समितीचे ते सदस्य होते. अस्पृश्यांची संख्या कमी दाखविण्याचा प्रयत्न काही प्रांतांतून सुरू झाला, तेव्हा त्यांनी स्वतंत्र टिपण लिहून त्याचा प्रतिवाद केला. ज्यांची मोजणीच होत नाही त्यांना प्रतिनिधित्वही मिळत नाही, हे ते जाणून होते. जात विचारणारा कोण, कशासाठी विचारतो आणि मिळालेल्या उत्तराचा वापर कशाकरिता करतो, यावर सारे अवलंबून असते. ठरलेल्या कारणासाठीच माहिती घ्यावी आणि तिचा वापर त्या कारणापुरताच असावा, हे आज जगभरच्या माहिती संरक्षण कायद्यांचे मूळ सूत्र आहे. बाबासाहेबांच्या आयुष्यात त्याच्या दोन्ही बाजू ठळकपणे दिसतात.

१९२३ मध्ये लंडनहून डॉक्टरेट आणि बॅरिस्टरची सनद घेऊन परतल्यावरचा त्यांचा प्रवास सर्वश्रुत आहे. १९२४ ची बहिष्कृत हितकारिणी सभा, १९२७ चा महाड सत्याग्रह, गोलमेज परिषदा, १९४२ मध्ये नागपुरात स्थापन झालेले शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशन आणि त्याच वर्षी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मिळालेले मजूर खाते, हे त्याचे मुख्य टप्पे. १९४६ मध्ये ते बंगालमधून घटना समितीवर निवडून गेले.

मार्च १९४७ मध्ये फेडरेशनच्या वतीने त्यांनी घटना समितीसाठी एक निवेदन तयार केले. तेच पुढे ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या नावाने प्रसिद्ध झाले. त्यातील आर्थिक तरतुदींची चर्चा पुष्कळ झाली, पण मूलभूत हक्कांच्या यादीतील एक कलम दुर्लक्षित राहिले. नागरिकाचा देह, घर, कागदपत्रे आणि चीजवस्तू यांना अवाजवी झडती व जप्तीपासून संरक्षण असावे. सबळ कारण शपथेवर मांडल्याशिवाय वॉरंट निघू नये, आणि कोणत्या जागेची झडती घ्यायची, काय जप्त करायचे, हे त्यात नेमके नमूद असावे, असा त्या कलमाचा आशय होता. अमेरिकेच्या राज्यघटनेतील चौथ्या दुरुस्तीचा ठसा त्यावर स्पष्ट आहे. सामाजिक बहिष्कार हा गुन्हा ठरवावा, अशी तरतूदही त्याच निवेदनात होती. सरकारी झडती आणि गावकीचा बहिष्कार या दोन्हींपासून व्यक्तीला आडोसा देण्याचा हा विचार होता.

मूलभूत हक्क उपसमितीत कन्हैयालाल मुन्शी यांनीही घराची अभेद्यता आणि पत्रव्यवहाराची गुप्तता यांचा आग्रह धरला. उपसमितीच्या मसुद्यात ही कलमे आली. मात्र अल्लादी कृष्णस्वामी अय्यर आणि घटनात्मक सल्लागार बी. एन. राव यांनी आक्षेप घेतले. पत्रांना असे कवच दिल्यास न्यायालयात पुराव्याची अडचण होईल आणि प्रत्येक झडतीसाठी वॉरंट सक्तीचे केल्यास पोलीस तपास अडखळेल, असा त्यांचा युक्तिवाद होता. फाळणीच्या सावटाखालच्या त्या दिवसांत तो प्रभावी ठरला आणि एप्रिल १९४७ मध्ये ही कलमे गळाली.

डिसेंबर १९४८ मध्ये मध्य प्रांत व वऱ्हाडचे प्रतिनिधी काझी सय्यद करीमुद्दीन यांनी तोच आशय दुरुस्तीच्या रूपाने पुन्हा घटना समितीपुढे ठेवला. बाबासाहेब तेव्हा मसुदा समितीचे अध्यक्ष होते. अशी तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेत असली तरी ती कायदेमंडळाच्या हाताबाहेर ठेवणे इष्ट ठरेल, या विचाराने त्यांनी दुरुस्ती स्वीकारण्याची तयारी दाखविली. सभागृहाने मात्र ती फेटाळली. योगायोग असा, की त्याच महिन्यात, १० डिसेंबर १९४८ रोजी, संयुक्त राष्ट्रांनी मानवी हक्कांचा वैश्विक जाहीरनामा संमत केला आणि त्याच्या बाराव्या कलमात खासगी जीवन, कुटुंब, घर व पत्रव्यवहार यांना संरक्षण दिले. तो घडविणाऱ्या मानवी हक्क आयोगावर भारताच्या प्रतिनिधी होत्या हंसाबेन मेहता. आपल्या मूलभूत हक्क उपसमितीत त्या बाबासाहेबांच्या सहकारी होत्या.

राज्यघटनेत हे कलम आले नाही, तरी नागरिकाचे एक गुपित बाबासाहेबांच्या कायदामंत्रिपदाच्या काळात कायद्याने सुरक्षित झाले. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार कोणाला मत दिले, हे सांगण्याची सक्ती मतदारावर करता येत नाही. गावच्या मालगुजाराच्या शेतावर राबणाऱ्या मजुराला या गुप्ततेचे मोल किती असेल, याची कल्पना करता येते.

त्याच गुप्त मतदानाला बाबासाहेब स्वतः सामोरे गेले आणि दोनदा हरले. १९५२ मध्ये उत्तर मुंबईत नारायण काजरोळकर यांनी त्यांचा पराभव केला. मे १९५४ मध्ये भंडारा लोकसभा मतदारसंघात पोटनिवडणूक झाली. भंडारा तेव्हा नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रदेशात होते आणि मतदारसंघ द्विसदस्य होता. सर्वसाधारण जागेवर समाजवादी नेते अशोक मेहता विजयी झाले, तर राखीव जागेवर काँग्रेसचे भाऊराव बोरकर यांनी घटनेच्या शिल्पकाराला मागे टाकले. प्रत्येक उमेदवाराची मतपेटी वेगळी असे आणि मतदार पडद्याआड जाऊन आपली मतपत्रिका हव्या त्या पेटीत टाकी. ज्या गुप्ततेचा कायदा बाबासाहेबांच्या काळात झाला, तिनेच त्यांना पराभूत केले. लोकशाहीचे पथ्य म्हणतात ते हेच.

त्या मतदानाच्या काही आठवडे आधी, मार्च १९५४ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाच्या आठ न्यायमूर्तींच्या पीठाने एम. पी. शर्मा खटल्यात निकाल दिला. अमेरिकेसारखे झडतीविरोधी कलम आपल्या घटनेत नसल्याने तसा हक्क ओढूनताणून आणता येणार नाही, असा त्याचा सारांश होता. १९४८ मध्ये सभागृहाने फेटाळलेल्या दुरुस्तीची किंमत देशाला अशी चुकवावी लागली. ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले, तेव्हा हा प्रश्न अनुत्तरितच होता.

पुढची वाट मुख्यतः नागरी संघटनांनी चालून काढली. न्या. वि. म. तारकुंडे यांच्यासारख्यांनी उभ्या केलेल्या पीयूसीएल या संघटनेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६ मध्ये दूरध्वनी चोरून ऐकण्यावर बंधने घातली. लंडनमध्ये १९९० पासून प्रायव्हसी इंटरनॅशनल काम करू लागली. २००९ मध्ये अनेक देशांतील संस्थांनी माद्रिद येथे खासगीपणाचा जाहीरनामा प्रसिद्ध केला. आधारच्या निमित्ताने निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी २०१२ मध्ये दाखल केलेल्या याचिकेत, २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने जाहीर केले. या निकालात घटना समितीच्या इतिहासाचा परामर्श घेताना बाबासाहेबांच्या १९४७ च्या निवेदनाची दखल घेतली गेली.

२०२३ मध्ये संसदेने डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा केला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम आले. सरकारी यंत्रणांना त्यातून सूट देण्याचा अधिकार केंद्राकडे आहे आणि माहिती अधिकार कायद्यात त्याने केलेल्या बदलावर कार्यकर्त्यांचा आक्षेप आहे. वाद संपलेला नाही.

हा विषय केवळ महानगरांतील मोबाईलधारकांचा नाही. भंडारा जिल्ह्यातील तुमसर तालुक्यात, मध्य प्रदेशाच्या सीमेजवळ असलेल्या सिहोरा परिसरातील शेतकऱ्याला आधारभूत केंद्रावर धान विकायचे तर सातबारा, आधार आणि बँक पासबुकाची नोंद करावी लागते. शिधावाटप दुकानात यंत्रावर अंगठा टेकवावा लागतो. ही माहिती हक्काचे मोल आणि धान्य मिळावे म्हणून दिलेली असते. ती दुसऱ्याच कामासाठी वापरली जाऊ लागली, तर बडोद्याच्या धर्मशाळेतील नोंदवही आणि हे यंत्र यांत फरक उरणार नाही. माहिती घेणाऱ्याला कारण विचारण्याचा अधिकार त्या शेतकऱ्याला खऱ्या अर्थाने मिळेल, तेव्हाच १९४७ चे ते कलम पूर्णपणे अमलात आले असे म्हणता येईल.