दोरीवरचा डॉन

डॉन बॉस्को म्हटलं की तुम्हाला माटुंग्याची शाळा आठवते, हो ना? पण हे नाव एका माणसाचं आहे. आणि तुमच्या डोक्यात आलेला तो ‘डॉन’ हा नव्हे! इटलीत धर्मगुरूंना आदराने डॉन म्हणतात.

जोव्हानी बॉस्कोचा जन्म १८१५ चा, उत्तर इटलीतल्या एका खेड्यातला. दोन वर्षांचा व्हायच्या आतच वडील गेले. याला शिकायचं होतं, पण सावत्र भावाला घरात पुस्तकं खपत नव्हती. शेवटी आईने त्याला दुसऱ्याच्या शेतावर कामाला धाडलं. पोरगा मात्र भारी! जत्रेतल्या खेळवाल्यांचं बघून बघून दोन झाडांमध्ये दोरी बांधून तिच्यावर चालायला शिकला. गर्दी जमली की मधेच थांबून चर्चमध्ये ऐकलेलं प्रवचन सुनवायचा. ते ऐकलं नाही तर पुढचा खेळ बंद. यूट्यूबवरची स्किप न होणारी जाहिरात आठवली ना?

१८४१ मध्ये ते धर्मगुरू झाले आणि तुरिन शहरात आले. तिथे खेड्यांतून आलेली पोरं गवंड्यांच्या हाताखाली राबत होती, काही तर थेट तुरुंगात होती. रविवारी त्यांना जमवून खेळ, गाणी, प्रार्थना सुरू झालं. आवाजाने वैतागून लोक हाकलून लावत. १८४६ मध्ये कुठे एक शेड भाड्याने मिळाली. पुढे पोरांना कामाला लावताना ते मालकाकडून लेखी करार करून घेऊ लागले. मारायचं नाही आणि सणावाराला सुट्टी द्यायची, हे त्यात लिहिलेलं असे. मला विचाराल तर प्रवचनांपेक्षा हे कागद मोठे.

१८५३ पासून त्यांनी दर महिन्याला सोप्या भाषेतल्या स्वस्त पुस्तिका काढल्या. १८६२ मध्ये स्वतःचा छापखाना टाकला आणि खिळे जुळवायला तीच पोरं बसवली. त्या पुस्तिकांत प्रोटेस्टंट पंथावर केलेली टीका आज वाचली तर खटकते. तेव्हाही लोक खवळले होते, डॉन बॉस्कोंवर हल्लेही झाले. पुस्तिका थांबल्या नाहीत.

३१ जानेवारी १८८८ ला ते गेले. त्या तारखेला त्यांच्या नावाच्या शाळांच्या पोस्ट तुमच्या फीडवर येतील. त्यात दोरीवरचा पोरगा दिसतो का, बघा.