केसरबाईंची साडेतीन मिनिटे

ध्वनिमुद्रिकेवर ज्यांचा कधीच फारसा विश्वास बसला नाही, त्या गायिकेचा स्वर आज एका ध्वनिमुद्रिकेमुळेच सूर्याच्या प्रभावक्षेत्रापलीकडे पोहोचला आहे. सूरश्री केसरबाई केरकर यांच्या आयुष्यातील हा विलक्षण योग होय.

गोव्यातील फोंड्याजवळच्या केरी गावी १३ जुलै १८९२ रोजी कलावंत समाजात केसरबाईंचा जन्म झाला. त्या समाजातील मुलीला गाणे मिळे. मान मात्र झगडूनच मिळवावा लागे. आठव्या वर्षी कोल्हापुरात अब्दुल करीम खाँ यांच्याकडे काही महिने त्यांचे शिक्षण झाले. पुढे रामकृष्णबुवा वझे, मुंबईला आल्यावर बरकतुल्ला खाँ आणि भास्करबुवा बखले यांची तालीम मिळाली, पण ती तुटक. जयपूर घराण्याचे अल्लादिया खाँ यांनी शिकवावे, हा त्यांचा ध्यास होता. खाँसाहेबांचा नकार बरीच वर्षे टिकला. अखेर १९२१ मध्ये कडक अटींवर त्यांनी गंडा बांधला, तेव्हा केसरबाईंनी तिशीच्या उंबरठ्यावर पुन्हा पहिल्या पायरीपासून साधना आरंभली. गुरूच्या निधनापर्यंत, म्हणजे १९४६ पर्यंत, ही तालीम सुरू होती.

त्या तपश्चर्येचे फळ सर्वश्रुत आहे. बुलंद, गोलाईदार आवाज, दमसास आणि पेचदार तानांची अखंड वीण यांमुळे त्यांची मैफल हा रसिकांचा सण ठरे. रवींद्रनाथ टागोर त्यांच्या गायनाने भारावले होते. १९४८ मध्ये कोलकात्याच्या रसिकांनी त्यांना ‘सूरश्री’ ही पदवी अर्पण केली, तर १९५३ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार लाभला. मानधन असो वा श्रोत्यांची शिस्त, केसरबाईंनी कधी तडजोड केली नाही. हा केवळ तुसडेपणा नव्हता. गाणाऱ्या स्त्रीची प्रतिष्ठा त्या जपत होत्या.

ध्वनिमुद्रणाविषयीही त्यांची भूमिका अशीच करारी होती. तासभर फुलणारा राग तीन-साडेतीन मिनिटांत कोंबणे त्यांना मानवणारे नव्हते. त्यामुळे मोजक्याच तबकड्या निघाल्या. आवाज पूर्वीसारखा साथ देईना, तेव्हा १९६३-६४ च्या सुमारास त्यांनी स्वतःहून जाहीर गायन थांबवले. १९६९ मध्ये पद्मभूषण आणि महाराष्ट्राच्या राज्यगायिकेचा सन्मान आला, तो मैफल सोडल्यानंतर.

१९७७ मध्ये अमेरिकेच्या व्हॉयेजर यानांसाठी कार्ल सेगन यांच्या समितीने पृथ्वीवरील संगीताचे २७ नमुने निवडले. बाख, बीथोव्हेन, लुई आर्मस्ट्राँग यांच्या पंक्तीला भारताकडून केसरबाईंची ‘जात कहाँ हो’ ही भैरवी बसली. तिची प्रत शोधता शोधता न्यूयॉर्कमधील एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात हाती लागली. पहिले यान २० ऑगस्टला, तर दुसरे ५ सप्टेंबरला झेपावले. त्यानंतर अवघ्या अकरा दिवसांनी, १६ सप्टेंबर १९७७ रोजी, केसरबाई निवर्तल्या.

२०१२ मध्ये एका यानाने, तर २०१८ मध्ये दुसऱ्याने सूर्याच्या प्रभावक्षेत्राची सीमा ओलांडली. केरीत त्यांच्या नावाची शाळा आहे, गोव्यात त्यांच्या स्मृत्यर्थ संगीत समारोह भरतो. परंतु त्यांची भरात आलेली मैफल आपल्या हाती फारशी उरलेली नाही. विश्वाला साडेतीन मिनिटे मिळाली. आपल्यालाही त्याहून फार अधिक मिळालेले नाही.